फायनलखरा

ताईंच्या दुकानात येणारी माणसं बहुतेक घाईत असत. कुणाला अर्ज टाइप करून हवा असे, कुणाला दाखल्याची झेरॉक्स, कुणाला भाड्याच्या घराचं करारपत्र, आणि तेही आत्ताच्या आत्ता. त्या दिवशी अकराच्या सुमारास जी बाई आली, तिला मात्र घाई दिसली नाही. ती दाराबाहेर उभी राहून पाटी वाचत होती. 'टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन' एवढंच ताईंनी रंगवून घेतलं होतं. त्याखालची 'जुन्या फायली उघडून मिळतील' ही ओळ वन्संची. वन्सं म्हणजे ताईंची नणंद. झेरॉक्सचं मशीन त्यांच्या ताब्यात होतं, आणि दुकानातलं निम्म्याहून जास्त बोलणंही.

"आत या की," वन्सं म्हणाल्या. "पाटी पाठ झाली का, असं कुणी विचारणार नाहीये."

ती हसली आणि आत आली. चाळिशीची, सडपातळ, हातांना स्पिरिटचा पुसट वास. रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे, दोन तासांची सुट्टी काढून आलेय, म्हणाली. पिशवीतून तिनं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक सीडी काढली आणि काचेची वस्तू ठेवावी तशी टेबलावर ठेवली.

"तुम्ही पूर्वी छापखान्यात होता ना, मावशी? माझे बाबा तिथं प्रूफं वाचायचे. ते म्हणाले, त्या पोरीकडे जा, तिच्याकडे अजून तो फाँट असेल."

ताईंची बोटं कीबोर्डवर होती तिथंच राहिली. 'त्या पोरीला' आता अठ्ठावन्नावं चालू होतं. तिला पोरगी म्हणणारं माणूस जगात आता एकच उरलं असणार.

"आप्पा?" त्या म्हणाल्या. "तू आप्पांची लेक?"

छापखान्यात आप्पांना पाठीमागे सगळे 'कानामात्रा' म्हणत. चूक ती चूक, तिच्यात लहान-मोठी असं काही नसतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या हाताखालून गेलेलं प्रूफ गोवर उठल्यासारखं लाल होऊन परत यायचं. मालकांनी स्वतः लिहिलेल्या जाहिरातीतही त्यांनी अकरा चुका काढल्या होत्या, आणि मालक बिचारे मुकाट्यानं त्या मान्य करून जेवायला गेले होते. आप्पा ताईंपेक्षा वीस वर्षांनी मोठे, आणि ओरडायचे तर नाहीतच. नुसतं बोट ठेवायचे. त्या बोटाची ताईंना ओरडण्यापेक्षा जास्त भीती वाटायची.

"कसे आहेत?"

"तब्येत बरी आहे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले मागच्या महिन्यात. डॉक्टर म्हणाले, आजोबा, आता सुईत दोरा ओवाल." लेक थांबली. "पण वाचत नाहीत, मावशी. मोतीबिंदूच्याही आधीपासून. बावीस वर्षं झाली. पेपर मी वाचून दाखवायचा, विजेचं बिल मी वाचायचं, औषधाच्या बाटलीवरचं नावसुद्धा मी. कारण विचारलं की एकच उत्तर. माझी नजर दगाबाज आहे, तिच्यावर काही सोपवायचं नाही."

वन्संनी मशीनचं झाकण खाली टाकलं. "बाई गं. असं काय झालं होतं?"

लेकीनं ताईंकडे पाहिलं. ताई कीबोर्डकडे बघत राहिल्या, मग तिनंच सांगितलं.

एका शाळेला पन्नास वर्षं पूर्ण झाली म्हणून विशेष अंक काढायचा होता. त्यात आजवरच्या सगळ्या शिक्षकांची यादी होती. जे हयात नव्हते त्यांच्या नावामागे 'कै.' आणि हयात होते त्यांच्यामागे 'श्री.', 'सौ.' वगैरे. अंक छापून आला. समारंभात शाळेच्या निवृत्त मोठ्या बाईंच्या हातात पहिली प्रत दिली, त्यांनी कौतुकानं आपलं पान उघडलं, तर त्यांच्याच नावामागे 'कै.' छापलेलं. बाई मनानं मोठ्या. त्यांनी ते माइकवरून वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "शाळेनं मला निरोप जरा आधीच दिलेला दिसतोय!" सभागृह पोट धरून हसलं. तीन आठवड्यांनी बाई खरंच गेल्या. हृदय आधीपासूनच कमजोर होतं, घरच्यांनाही ठाऊक होतं. पण ज्यांनी ज्यांनी तो अंक पाहिला होता, ते सगळे एकदम गप्प झाले.

"प्रूफावर बाबांची सही होती. छापावे, असं त्यांनी लिहून दिलेलं. बाई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी आपलं लाल पेन मालकांच्या टेबलावर ठेवलं आणि घरी आले. कुणी काढलं नव्हतं त्यांना. मालक दोनदा घरी येऊन गेले, पण नाहीच."

"आणि आता ही सीडी?" वन्संनी विचारलं.

"छापखाना बंद झाला ना या वर्षी. मालकांच्या मुलानं जुन्या सीड्यांचा खोका मला दिला, भंगारात जायचा होता तो. बाबा कधी म्हणतात, मी खूण केली होती गं, मला नक्की आठवतंय. मग दोन दिवसांनी म्हणतात, कुठली खूण, म्हातारपणी माणूस स्वतःला गोड वाटेल तेच आठवतो. मला एवढंच हवंय, मावशी. त्यांनी ती चूक पकडली होती की नव्हती. कुणाकडून सुटली, कुणाचं काय झालं, ते मला नकोच आहे. त्यांना पुन्हा वाचायला लागायचं असेल तर हे कळायलाच हवं. आमच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवाल्यानं उघडून बघितली, तर नुसता कचरा आला."

ताईंनी सीडी हातात घेतली. वरची अक्षरं त्यांच्याच हातची होती.

तो अंक टाइप केला होता ताईंनीच.

नव्या कॉम्प्युटरला सीडी घालायची सोयच नव्हती, म्हणून ताईंनी कपाटातून जोडायची पेटी काढली, तिची वायर दोनदा हलवली, आणि सीडी घरघर करत फिरू लागली. पडद्यावर फायलींची यादी आली. ती पाहून वन्सं खो-खो हसल्या. 'शाळा', 'शाळा२', 'फायनल', 'फायनलखरा', 'छपाई'.

"फायनलखरा! म्हणजे आधीचा फायनल खोटा होता का, वहिनी?"

"तेव्हा असंच नाव द्यायचे, वन्सं," ताई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच लांबून आल्यासारखा वाटला.

त्यांनी आधी 'छपाई' उघडली. लॅबवाल्यानं सांगितला तो कचरा समोर आला. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, डॉलरची चिन्हं, काही गोल, काही उलटं, ओळीमागून ओळी.

"हे काय, उंदरांनी शाईत पाय बुडवून फेर धरल्यासारखं," वन्सं म्हणाल्या.

"उंदीर नाहीत ते. मराठीच आहे," ताईंनी लेकीला समजावून सांगितलं. त्या काळच्या कॉम्प्युटरला मराठी अक्षरं मुळात ठाऊकच नव्हती. इंग्रजी अक्षरांच्या तोंडावर मराठी मुखवटे चढवलेले असत. तो मुखवटा म्हणजे फाँट. फाँट नसला की मुखवटे गळून पडतात आणि खालचे चेहरे दिसतात. "माझ्या जुन्या मशीनवर तो फाँट आहे. तिथं उघडली की नीट दिसेल."

हे सगळं खरंच होतं. फक्त एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही. त्यांना मुखवट्याची गरज नव्हती. चौदा वर्षं त्या फाँटात रोज पानं टाइप केलेल्या बाईला खालचे चेहरेही ओळखीचे असतात. क म्हणजे कॅपिटल एच आणि त्याच्या शेपटीला डॉलर. स म्हणजे लहान जी. ऱ्हस्व वेलांटी तर अक्षराच्या आधी द्यावी लागे, आधी वेलांटी आणि मग ती ज्याची ते अक्षर. डोळ्यांनी नव्हे, बोटांनीच त्या वाचत. मांडीवर ठेवलेली त्यांची बोटं आत्ताही अगदी बारीक हलत होती.

शिक्षकांच्या यादीचं पान त्यांना लगेच सापडलं. मोठ्या बाईंच्या नावाआधी एच आणि डॉलर. म्हणजे कै. त्यात नवं काही नव्हतं, तेच छापलं गेलं होतं. मग त्यांनी 'फायनल' उघडली. तिथंही एच आणि डॉलर. वरची ओळ कॉपी करून फक्त नाव बदललं होतं त्यांनी, मागचं 'कै.' तसंच राहिलं होतं. टायपिंग करणाऱ्या कुणाकडूनही होईल अशी चूक. म्हणून तर प्रूफ वाचणारा माणूस ठेवलेला असतो.

मग 'फायनलखरा'.

लहान जी.

त्यांनी परत पाहिलं. लहान जी, काना, वरच्या दोन मात्रा. सौ.

आप्पांनी बोट ठेवलं होतं. ताईंनी चूक दुरुस्तही केली होती, त्यांच्या इतर सगळ्या लाल खुणांबरोबर, आणि ती फाईल वेगळ्या नावानं ठेवली होती. आप्पांनी दुरुस्त झालेली पानं पाहून सही केली होती. आणि नंतर छपाईसाठी नक्कल करताना ताईंनी 'फायनलखरा'ची करायची ती 'फायनल'ची केली. तो दुपारचा प्रसंग त्यांना एकदम लख्ख आठवला. मोठी कामं बाहेर छापून घेत, त्या छपाईवाल्याचा माणूस खाली गाडी चालूच ठेवून हॉर्न वाजवत होता, आणि मालक जिन्यातून ओरडत होते, "झाली का गं? झाली का?"

"काही कळतंय का, मावशी?" लेक त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिला उंदीरच दिसत होते.

त्या खोलीत ते पान वाचू शकणारी एकच बाई होती. ती म्हणाली, "फाँट लावल्याशिवाय काय सांगू. जुनं मशीन सुरू व्हायलाच वेळ घेतं. तू उद्या ये."

लेक गेली. जाताना म्हणाली, "उघडली नाही तरी सांगा हं, मावशी. बाबांना म्हटलंय मी, उघडेलच असं नाही."

ती वळणावर दिसेनाशी झाल्यावर वन्सं म्हणाल्या, "काय झालं? तोंड बघ कसं झालंय, सुकलेल्या लिंबासारखं."

ताईंनी सांगितलं. सगळं सांगितलं, कारण वन्संपासून काही लपवायचं म्हणजे झेरॉक्सच्या मशीनपासून कागद लपवण्यासारखं. शेवटी म्हणाल्या, "मला तेव्हाच शंका आली होती, वन्सं. ज्या दिवशी बाई गेल्याचं कळलं, त्याच दिवशी. फाईल माझ्याच कॉम्प्युटरवर होती. दोन मिनिटांचं काम, उघडून बघायचं. मी नाही बघितलं. मनाला म्हटलं, आप्पांची सही आहे ना, मग त्यांच्याच नजरेतून सुटलं असणार. आणि तो कॉम्प्युटर बदलेपर्यंत मी ती फाईल कधी उघडलीच नाही."

वन्संनी मशीनमधला कागद उगाच काढला आणि पुन्हा घातला.

"सांगून टाक की उघडत नाही," त्या मग म्हणाल्या. "सीडी जुनी आहे. ओरखडे पडलेत. पोरगी तर स्वतःच म्हणत होती, उघडेलच असं नाही. तुझं वाईट होऊ नये म्हणून बोलतेय गं. बावीस वर्षांनी कुणाच्या दारात जाऊन सांगायचं, की तुमचं आयुष्य माझ्यामुळे... काय मिळणार आहे त्या म्हाताऱ्याला?"

"वाचायला मिळेल."

"आणि तुला?"

ताई उठल्या. त्यांनी कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवरची चादर काढली, धूळ पुसली आणि बटण दाबलं. मशीन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं. वन्सं म्हणाल्या, "बघ, त्याच्याही जिवावर आलंय." पण पाच मिनिटांनी पडदा निळा झाला. ताईंनी सीडी घातली, फायनलखरा उघडली, आणि त्या कचऱ्यावर एकेक करून मुखवटे चढत गेले. शाळेचं नाव आलं, पन्नास वर्षं आली, मग शिक्षकांची यादी. सौ. आणि पुढं मोठ्या बाईंचं पूर्ण नाव. किती साधं दिसत होतं ते. पहिल्यापासून तसंच असल्यासारखं.

मशीन बंद करून सांगून टाकायचं, बंद पडलं म्हणून. कुणाला खोटं वाटलं नसतं. ताईंनी डोळे मिटले आणि रोज सकाळी ज्याच्यासमोर हात जोडतात त्याला मनातल्या मनात विचारलं, काय करू? उत्तर काही आलं नाही. तसं ते कधीच येत नाही. विचारणाऱ्याला ते ठाऊक असतं, म्हणून तर विचारायला भीती वाटते. त्यांनी दोन्ही पानं छापून घेतली, फायनलचं आणि फायनलखराचं, आणि लेकीला फोन लावला. "उद्या तू नको येऊस. मीच येते घरी. आप्पांना सांग."

"उघडली?" फोनवरचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "मावशी, पकडली होती का त्यांनी?"

"आप्पांनाच सांगते गं," ताई म्हणाल्या. "मला त्यांनाच सांगायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संनी त्यांना नीट न्याहाळलं, केसातली एक बट मागे सारली आणि म्हणाल्या, "जा. आणि पायऱ्या सांभाळून चढ. आत्ता पडून हात मोडून घेतलास, तर मला टायपिंग येत नाही."

आप्पांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. लेकीनं दार उघडलं. आतल्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत आप्पा बसले होते. कुंकवाच्या टिकलीएवढी लाल शाई जिच्या टोकावर कायम असायची, ती उजव्या हाताची तर्जनी आता नुसती पांढरी होती. डोळ्यांवर चष्मा नव्हता. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, पण ते उलट्या बाजूनं टांगलेलं, कोरी पाठ बाहेर.

"आलीस? बस," आप्पा म्हणाले. आवाज तसाच, हळू. "जाडी झालीस की."

"हो, आप्पा. बसून बसून."

"उघडली?"

"उघडली. तुम्हाला आठवतं का, तेव्हा आपण एकाच कामाच्या दोन-तीन फायली करायचो, तर त्यात एक फायनल म्हणून होती, आणि मग तुमच्या खुणा घालून दुसरी..."

"लांबण नको लावूस." आप्पांनी हात वर केला. "मला एकच सांग. माझ्या डोळ्यांनी पकडलं होतं की नव्हतं?"

"पकडलं होतं, आप्पा."

दारात उभ्या लेकीनं दोन्ही हात तोंडावर धरले.

"नक्की?"

"नक्की. तुम्ही खूण केली होती. मी दुरुस्त केलं होतं. तुम्ही सही केलीत ती बरोबर पानावर केलीत."

आप्पांनी डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. ताईंना वाटलं, इथंच थांबता आलं तर. इथंच उठता आलं तर. लेकीनं तर म्हटलंच होतं, बाकीचं मला नकोच आहे.

पण प्रूफ वाचणाऱ्या माणसाचं बोट नको तिथंच थांबतं.

"मग छापलं कसं गेलं?"

"मी चुकीची फाईल दिली छपाईला," ताई म्हणाल्या. "दुरुस्तीची द्यायची ती आधीची दिली. घाईत. माझी चूक, आप्पा."

आप्पांनी डोळे उघडले आणि त्यांच्याकडे पाहिलं. मोतीबिंदू काढल्यावर डोळे फार स्वच्छ दिसतात माणसाचे.

"तुला कधी कळलं?"

"काल." ताईंनी हातातली पिशवी घट्ट धरली. "काल दिसलं. पण बघायचं असतं तर तेव्हाच दिसलं असतं. बाई गेल्या त्या दिवशी मला शंका आली होती. दोन मिनिटांचं काम, पण मी उघडून बघितलं नाही. घाबरले. तुम्ही पेन ठेवून गेलात त्या दिवशी मी माझ्या टेबलाशीच बसले होते. तुम्ही माझ्याजवळून गेलात."

"हो," आप्पा म्हणाले. "तू मान वर केली नव्हतीस. मला वाटलं, बिचारीला वाईट वाटतंय."

ते शब्द त्यांनी अगदी साधेपणानं म्हटले, पण ताईंना ते लाल शाईपेक्षा झोंबले.

"बावीस वर्षं," आप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. ताईंनी तो चढलेला कधी ऐकला नव्हता. "बावीस वर्षं मी ह्या पोरीला माझ्या औषधाच्या बाटल्या वाचायला लावल्या! हिच्या लग्नाची पत्रिका मी वाचली नाही. हिच्या मुलीनं पहिलं पत्र लिहिलं आजोबांना, ते मी उशाखाली ठेवलं, उघडलं नाही. आणि तुझ्याकडे दोन मिनिटांचं काम होतं?"

"हो, आप्पा."

"माफी मागायला आलीस?"

"नाही. म्हणजे, मागायची आहेच. पण आले ती सांगायला. तुम्ही माफ कराल, असं धरून आले नाही."

"बाबा," लेक पुढे झाली. "मावशी नसत्या आल्या तर आपल्याला कळलंच नसतं. त्यांना सहज म्हणता आलं असतं की उघडत नाही."

"तू मध्ये बोलू नकोस. मला राग यायला बावीस वर्षांनी कारण मिळालंय. जरा नीट येऊ दे." आप्पांनी मान खिडकीकडे फिरवली. "जा तू आता."

ताई उठल्या. पिशवीतून त्यांनी ती दोन पानं काढली आणि खिडकीच्या कडेवर, आप्पांच्या हाताजवळ ठेवली. वर दुरुस्तीचं पान, खाली चुकीचं. "ही ठेवते. तुम्हाला कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायला नको."

त्या दारापर्यंत पोहोचल्या. लेक त्यांच्या मागोमाग आली, बहुतेक चहाचं विचारायला. तेवढ्यात मागून कागदाचा आवाज झाला आणि दोघी जागच्या जागी थांबल्या. मागे वळून बघायचं धाडस एकीलाही होईना.

"माझा चष्मा कुठंय?" आप्पांनी विचारलं.

"बाबा, तुम्हाला आता चष्मा..." लेकीचा आवाज फुटला. "जवळचा दिलाय डॉक्टरांनी. ड्रॉवरमध्ये आहे. अजून काढलाच नाही डबीतून."

"मग काढ की. का डबीसकट लावू?"

लेक धावली. ड्रॉवर उघडल्याचा, डबीचा चाप सुटल्याचा आवाज आला. ताई दाराशीच वळून उभ्या राहिल्या. आप्पांनी चष्मा नाकावर ठेवला, कागद आधी लांब धरला, मग जवळ आणला, आणि पांढरं बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं. ते वाचू लागले. मोठ्यानं नव्हे, ओठांतल्या ओठांत, एकेक नाव, प्रत्येक नावाआधी थांबत. मोठ्या बाईंच्या नावाशी आल्यावर बोट तिथंच राहिलं.

"सौ.," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "सौ."

ताईंना वाटलं आता ते कागद खाली ठेवतील. पण बोट पुढं सरकलं. यादी संपली, खालचा मजकूर सुरू झाला, शाळेच्या पहिल्या तुकडीबद्दलचा. लेक भिंतीला टेकून उभी होती आणि आवाज न करता रडत होती. बोट चौथ्या ओळीवर अचानक थांबलं. मागं आलं. परत पुढं गेलं.

"इकडे ये," आप्पा म्हणाले.

कुणाला, ते दोघींनाही कळलं नाही. दोघीही गेल्या.

"हे काय लिहिलंय?"

ताई वाकल्या. त्या बोटाखाली वाकायची सवय अंगात अजून होती. "विद्यार्थीनी," त्यांनी वाचलं, आणि वाचता वाचताच त्यांना दिसलं.

"थी दीर्घ?"

"नाही, आप्पा. ऱ्हस्व हवी. विद्यार्थिनी."

"दीर्घ कुणी केली?"

"मी टाइप केली."

"आणि मी सोडली," आप्पा म्हणाले. ते त्या अक्षराकडे नवल वाटल्यासारखे पाहत राहिले. "सही करून सोडली. बावीस वर्षं मी जी चूक केलीच नाही तिच्यासाठी कुढत बसलो, आणि खरी चूक इथं चार ओळी खाली मजेत बसलीय. कुणी मेलं नाही तिच्यानं, म्हणून कुणाला दिसलीही नाही."

त्यांच्या छातीतून एक विचित्र आवाज आला. ताईंना आधी वाटलं ठसका लागला. मग कळलं, हसतायत. लेकीनं पाण्यासाठी पाऊल उचललं होतं, ती थांबली. ते हसू लवकरच विरलं आणि चेहरा पुन्हा कडक झाला.

"मी तुझ्यावर रागावलोय," ते ताईंना म्हणाले. "हा राग त्या थीमुळे गेलेला नाही. लक्षात ठेव."

"ठेवते, आप्पा."

"किती दिवस राहील ते मला माहीत नाही. माझं वय बघता फार दिवस परवडायचा नाही. पण आज आहे." त्यांनी कागद ताईंच्या हातात दिला. "हे दुरुस्त कर. आणि पूर्ण अंक छापून आण, सगळीच पानं. बाकी काय काय सोडलंय मी, बघायला हवं."

"बाबा, अहो, तो अंक बावीस वर्षांपूर्वी छापून वाटून झालाय," लेक म्हणाली. "आता कुणासाठी?"

"मोठ्या बाईंची मुलगी आहे ना अजून. तिला एक बरोबर प्रत द्यायची. शाळेकडून नव्हे, आपल्या दोघांकडून." त्यांनी 'दोघांकडून' म्हणताना ताईंकडे पाहिलं नाही, पण म्हटलं. "प्रूफ कधी दाखवतेस?"

"किती पानं होती, आप्पा, आठवतं? शंभरच्या वर. जुनं मशीन धड चालत नाही. आठवडा तरी..."

"शंभर आणि बारा. रोज दहा आण, जमेल तशी. आणि सकाळी दहाच्या आत ये." आप्पांनी चष्मा नीट केला आणि खिडकीच्या कडेवरचं दुसरं पान, चुकीचं, तेही उचलून वाचायला घेतलं. "दहानंतर ह्या खोलीतला उजेड तिकडच्या भिंतीवर जातो."